कर्ज नेमकं कुठे चिघळतं? (अनुभव धागा)

कागदपत्री:
कर्जबाजारी माणूस म्हटलं की चर्चा उधळपट्टीवर येऊन थांबते. बँक, पतसंस्था, बचत गट, कारखाना, दवाखाना अशा ठिकाणी ज्यांच्या हाताखालून रोज खाती जातात त्यांना ठाऊक असतं की खातं बिघडतं ते बरंच आधी, कागदावरच्या एखाद्या ओळीत. त्या ओळी इथे लिहा. कहाण्या नकोत, स्वतःच्याही नकोत. रक्कम, दर, मुदत आणि गाडं कुठे रुततं, एवढं पुरे. कुठल्या बँकेचं, कंपनीचं नाव घेऊ नका.

बाकी_पुढे:
क्रेडिट कार्डापासून सुरुवात करतो. बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. किमान साधारण 5 टक्के. 50,000 च्या बिलावर 2,500 भरले की उशिराचा दंड लागत नाही, वसुलीचा फोन येत नाही, माणूस निर्धास्त. आता हिशेब बघा. महिना 3.5 टक्के दराने व्याज 1,750, त्यावर 18 टक्के जीएसटी 315. म्हणजे 2,500 पैकी 2,065 व्याजात आणि करात गेले, मुद्दल उतरलं 435 रुपयांनी.

याहून मोठी गोम नव्या खरेदीत आहे. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी दिवसांची सवलत जाते. मग परवाचा किराणासुद्धा घेतल्या तारखेपासून व्याजावर चढतो. कार्डावर एटीएममधून रोख काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून, शिवाय काढण्याचं शुल्क वेगळं. 30 टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही असं अजूनही काही जण ठामपणे सांगतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा तसा निर्णय 2008 चा होता, सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला.

कमी दराचं वैयक्तिक कर्ज काढून कार्डाची बाकी एकदम मिटवणं हा उपाय बरोबरच आहे. फक्त त्याच दिवशी कार्डाची मर्यादा खाली आणून घ्यायची. ती तशीच राहिली तर वर्षभरात कर्जाचा हप्ताही असतो आणि कार्डही पुन्हा भरलेलं असतं.

सोसायटीचा_उंबरा:
शहरी मंडळींना 'नवं-जुनं' हा शब्द कदाचित माहीत नसेल. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून शेतकऱ्याला ते शून्य टक्क्याने पडतं. सगळी मेख 'मुदतीत' या शब्दात. भरणा करायचा तेव्हा हातात रोकड नसते, उसाचं बिल अडकलेलं असतं, हरभरा घरात असतो पण भाव पडलेला. मग आठ-पंधरा दिवसांसाठी खासगीतून पैसे उचलायचे, जुनं कर्ज भरायचं आणि नवं मंजूर झालं की त्यातून खासगीचे परत करायचे. हेच नवं-जुनं. 1,50,000 ला 3 टक्के म्हणजे 4,500 रुपये गेले. इथवर गणित झेपतं.

मोडतं कधी, तर नवं कर्ज लांबतं तेव्हा. सातबाऱ्यावर नावाची चूक निघते, वारस नोंद व्हायची असते, कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचा सचिव बदललेला असतो, कधी जिल्हा बँकेकडेच पैसा नसतो. पंधरा दिवसांचे दोन महिने होतात आणि ते 3 टक्के 'महिन्याचे' होऊन बसतात. शून्य टक्क्याचं कर्ज टिकवायला काढलेलं कर्ज वर्षाला 36 टक्क्यांवर गेलं. उपाय कंटाळवाणा आहे: वारस नोंद, ई-पीक पाहणी, केवायसी हे सगळं डिसेंबर-जानेवारीतच उरकायचं. मार्चमध्ये तलाठ्याच्या मागे धावून काही हाती लागत नाही.

माफीबद्दलही बोललं पाहिजे. 2017 आणि 2019 च्या कर्जमाफीनंतर 'थांबू, होईल काहीतरी' हा हिशेब पक्का झाला. माफी झाली तर जिंकले. पण थकीत असेपर्यंत नवं पीककर्ज नाही, आणि पेरणी काही थांबत नाही. बी-खत मग दुकानातून उधारीवर येतं. पावतीवर व्याजाचा रकाना नसतो, भावातच ते चढवलेलं असतं.

टक्काटोणपा:
वरच्या 3 टक्क्यांना पुरवणी. गावात कुणी 'पाच टक्क्याने घेतले' म्हटलं की ते महिन्याचे समजायचे, वर्षाचे 60. बँकेतला माणूस साडेदहा टक्के म्हणतो आणि सावकार पाच, ऐकणाऱ्याला सावकार स्वस्त वाटतो. हसू नका, ही गफलत शिकलेल्यांकडूनही होते.

बाजारपेठेत दुसरी तऱ्हा आहे, डेलीची. हातात 9,000, परतफेड रोज 100 प्रमाणे 100 दिवस. भाजीवाल्याला वाटतं दहा हजारांवर हजार गेले, म्हणजे 10 टक्के. पण मुद्दल रोज परत जात असतं, सरासरी वापरायला मिळतात साधारण साडेचार हजार, तेही सव्वातीन महिने. वर्षाच्या दराने मोजलं तर हे 77 टक्क्यांच्या आसपास बसतं. पावसाने चार दिवस गाडी लागली नाही की त्या चार शंभरांसाठी दुसऱ्याकडून डेली. दोन वह्या सुरू झाल्या की नफा संपला.

महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 आणि विनातारणी कर्जावर 12, इतरांकडून 15 आणि 18 टक्के एवढंच घेता येतं. खासगीत याच्या जवळपासही कुणी नसतो. सगळ्यात घातक कागद म्हणजे खरेदीखत. कर्ज 2 लाखांचं, पण तारण म्हणून गहाणखत न करता जमिनीचं सरळ खरेदीखत नोंदवलं जातं, 'पैसे दिले की फिरवून देतो' हे तोंडी. असं झालं असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. व्यवहार सावकारीचा ठरला तर ते खरेदीखत रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. पुरावा मात्र लागतो: व्याज खात्यावर पाठवल्याच्या नोंदी, चिठ्ठ्या, साक्षीदार, आणि जमिनीचा ताबा कर्जदाराकडेच राहिल्याची पीक नोंद. म्हणून व्याज रोखीत देऊ नका.

101_चा_दाखला:
जामीनदार. पतसंस्थेत याच्याइतका गाफील माणूस दुसरा नसतो. 'नुसती सही आहे' असं त्याला सांगितलेलं असतं. करार कायद्याचं कलम 128 म्हणतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराची मालमत्ता विकून दाखवा, मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. संस्थेला दिवाणी दावाही लावावा लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, तो दोघांच्याही नावाने असतो. आणि वसुली अधिकारी आधी नोकरदाराकडे जातो, कारण पगार सापडतो, दुकान सापडत नाही.

साटंलोटं जामीन तर फारच वाईट. एकाच कार्यालयातले दोघे एकमेकांना जामीन. एकाचं थकलं की दुसऱ्याचा पगार कापला जातो, त्यामुळे त्याचा स्वतःचा हप्ता चुकतो. एक थकीत खातं होतं तिथे दोन होतात. सही करण्याआधी फॉर्मवर एक ओळ शोधा: कर्ज वाढवलं, मुदत बदलली तरी जामीनदाराची संमती गृहीत, अशा अर्थाची. ती नसेल तर संमतीशिवाय अटी बदलल्यानंतरच्या व्यवहारांतून कलम 133 प्रमाणे सुटका आहे. बहुतेक छापील फॉर्मवर ती असते.

गटाची_वही:
मायक्रोफायनान्सच्या गटांबद्दल. कर्ज विनातारण म्हणतात, पण तारण असते ती शेजारीण. एकीचा हप्ता आला नाही की बाकीच्यांनी वर्गणी काढायची आणि तोवर बैठक उठत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानुसार हे कर्ज वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, आणि कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. नियम चांगला आहे. पण उत्पन्न लिहिलं जातं तोंडी विचारून, आणि फॉर्म भरणाऱ्याला मंजुरीचं उद्दिष्ट असतं.

चुकतं मुख्यतः दोन ठिकाणी. पहिलं वेळापत्रक. कर्ज म्हशीसाठी घेतलं, म्हैस गाभण आणली, दूध चार महिन्यांनी. हप्ता पंधरा दिवसांनी सुरू. ते चार महिने भरायला दुसऱ्या कंपनीचा गट. दुसरं म्हणजे नाव एकीचं, पैसे दुसरीचे. 'तुझ्या नावावर काढून दे, हप्ता मी भरते.' ती गाव सोडून गेली की कागदावर कर्जदार जिचं नाव तीच. खरा वापर कुणाचा, हे कंपनी विचारत नाही आणि नवऱ्याला बहुधा माहीतही नसतं.

फडावरून:
उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, लिहायची राहिली. बीड, अहिल्यानगर, जालना भागातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचं कर्ज मुकादमाकडे (मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडे) असतं आणि ते बिनव्याजी म्हणवलं जातं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. 1 लाख उचल, तोडणीचा दर समजण्यापुरता टनाला 350 धरा, तर फेडायला 286 टन ऊस तोडावा लागतो. रोज 2 टन म्हटले तरी 143 दिवस. हंगाम 100 दिवसांत आटोपला तर 30,000 अंगावर. त्यात आठवड्याची खर्ची त्याच खात्यात चढते, आणि आजारपणात एक दिवस गेला की खाडा. खाड्यात त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर दंडही बसतो. उरलेली बाकी पुढच्या उचलीतून आधी कापली जाते, म्हणून पुढच्या वर्षी कोणत्या मुकादमाकडे जायचं हे जोडपं ठरवू शकत नाही. मुकादमही मोकळा नसतो. त्याने कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून रक्कम उचललेली असते. एक कोयता पळाला की ती त्याच्या डोक्यावर.

हिशेब लेखी नसतो हा खरा रोग. दर आठवड्याच्या टनांच्या चिठ्ठ्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले तरी हंगामाअखेरीच्या वादात वजन येतं.

फ्लोटिंग:
पगारदार मध्यमवर्गही सुटलेला नाही बरं का. मे 2022 च्या सुरुवातीला रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो; गृहकर्जाचे बदलते दर त्याच्यामागे जातात) 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.5 झाला. 30 लाखांचं गृहकर्ज, 7 टक्के, 20 वर्षं, हप्ता 23,259. दर 9.5 झाल्यावर पहिल्या काळात महिन्याचं नुसतं व्याजच 23,750 होतं. हप्ता व्याजालाही पुरत नाही. बऱ्याच ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली गेली, आणि हप्ता बदलला नाही म्हणून कुणी विवरणपत्र उघडून पाहिलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या नियमानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारणं बंधनकारक आहे. हप्ता वाढवून घ्या, झेपेल तेवढा.

आणि दुकानातला 'फ्लॅट' दर, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज. 1 लाख, 12 टक्के फ्लॅट, 3 वर्षं: व्याज 36,000, हप्ता 3,778. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर 21 टक्क्यांवर जातो. ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तेवढा एकच आकडा दोन ठिकाणचा ताडून पाहा.

वॉर्ड_नं_7:
दवाखान्यातली एकच ओळ सांगते: खोलीभाड्याची मर्यादा. 3 लाखांचा विमा, खोली रोज 1 टक्का म्हणजे 3,000. नातेवाईक काळजीपोटी 6,000 ची खोली घेतात आणि समजतात की फरक रोजचा 3,000. तसं नसतं. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग हे सगळं खोलीच्या वर्गाप्रमाणे आकारलेलं असतं, म्हणून विमा कंपनी तेही त्याच प्रमाणात निम्मं करते. औषधं, इम्प्लांट, तपासण्या या कपातीतून वगळतात. 2,40,000 च्या बिलात अशा गोष्टी 60,000 असतील तर उरलेल्या 1,80,000 पैकी 90,000 घरचे. तेही डिस्चार्जच्या दुपारी कळतं. त्या दुपारी जे कर्ज निघतं त्याचा दर कुणी विचारत नाही.

धर्मादाय रुग्णालय असेल तर 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. भरती होतानाच वैद्यकीय समाजसेवकाला गाठा; रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो.

बाकी_पुढे:
ॲपवाली कर्जं कुणी लिहिली नाहीत म्हणून थोडक्यात. मंजूर 5,000, खात्यात 3,200, सातव्या दिवशी परत 5,000. आठवड्याला 56 टक्के. फेडायला दुसरं ॲप सुचवलं जातं, ते बऱ्याचदा त्याच टोळीचं. फोनमधले संपर्क मागणारं ॲप नियमात बसतच नाही, तिथेच थांबा. आणि कर्ज काढून शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये खेळणाऱ्यांसाठी बाजार नियामक सेबीचा सप्टेंबर 2024 चा आकडा: तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन) करणाऱ्या 100 पैकी 93 वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात.

सोसायटीचा_उंबरा:
एक राहिलं. कर्ज फिटल्यावर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला बोजा आपोआप जात नाही. बँकेचा बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून बघायचा. दहा वर्षांपूर्वी फिटलेल्या इंजिनाच्या कर्जाचा 15,000 चा बोजा तसाच राहतो, ऐन जूनमध्ये बँक त्यावर बोट ठेवते, आणि माणूस तिथून थेट पाच टक्केवाल्याकडे जातो.