फॉर्मवरचे शब्द कळले नाहीत, चूक पोरांची का कॉलेजची?

गोदाकाठ
मंडळी, डोकं तापलंय म्हणून लिहायलो. भाचीनं यंदा बीएस्सीला ॲडमिशन घेतली, गाव घनसावंगी तालुक्यातलं, घरात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. फॉर्म भरला बसस्टँडमागच्या नेट कॅफेत. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असं काय काय स्क्रीनवर यायलं, कॅफेवाल्यानं विचारलं कोणतं टाकू, ही म्हणली सगळे टाकतात तेच टाका दादा. आता टाइमटेबल हातात आलं तर सायन्सच्या पोरीला कॉमर्सचा विषय! ऑफिसात गेली तर खिडकीतून उत्तर आलं, "तूच निवडलाय ना, सही कुणाची हाय?" माझं म्हणणं एवढंच की शंभर रुपये घेऊन फॉर्म भरणारा पोरगा लेकरांचे विषय ठरवायला लागलाय, कारण ते शब्द काय हायेत हे कुणी सांगतच नाही. फॉर्म सुरू व्हायच्या आधी एक दिवस हॉलमधी बसवून समजावलं तर काय बिघडतं?

जुना_हेडक्लार्क
भाऊ, मी 31 वर्षं त्याच खिडकीच्या आतल्या बाजूला काढलीत, म्हणून बोलतो. पहिलं म्हणजे कॉमर्सचा विषय आला ही चूकच नाही. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेच्या बाहेरचाच घ्यावा लागतो, नव्या शैक्षणिक धोरणात तसंच हाय. सायन्सवाल्यानं कॉमर्सचा नाहीतर आर्ट्सचा घ्यायचा. मेजर म्हणजे ज्यात डिग्री मिळणार तो मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा दुय्यम. एवढं प्रॉस्पेक्टसमधी छापलेलं असतंय, पण प्रॉस्पेक्टस घेऊन जातात आन् त्याच्यात फोटो ठेवतात. आमच्या काळी पोरगं नोटीस बोर्डापुढं उभं राहून वहीत उतरून घ्यायचं. मोबाइलवर सगळं सापडतं यांना, हे मात्र सापडंना गेलंय.

गोदाकाठ
घ्या! म्हणजे विषय बरोबर हाय आन् तरी पोरगी दोन दिवस रडली. खिडकीतल्या माणसानं "तूच निवडलाय" म्हणण्याऐवजी तुम्ही आत्ता सांगितलं तेवढं एक वाक्य सांगितलं असतं तर? मी तेच म्हणायलो ना काका.

पाटोद्याची_पोर
काकांचं पटलं नाही. प्रॉस्पेक्टस मराठीत असलं तरी त्यातली मराठी कुणाची हो? माझा किस्सा सांगते. बीए झाल्यावर एमएला पुण्याला नंबर लागला, त्यांनी "स्थलांतर प्रमाणपत्र" आणायला सांगितलं. घरी फोन केला तर वडील म्हणाले अगं आपण तर यंदा ऊसतोडीला गेलोच नाही, मग कशाचं स्थलांतर? त्यांना वाटलं ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांच्या हंगामी वसतिगृहाला लागतो तसला कागद असंल. हसू नका, आमच्याकडं स्थलांतराचा तोच एक अर्थ हाय. शेवटी क्लासमधल्या पोरीनं सांगितलं मायग्रेशन म्हण, एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जायचा दाखला, तेव्हा ट्यूब पेटली. टीसी कॉलेज देतं, मायग्रेशन विद्यापीठ देतं, हे मला एक चक्कर फुकट गेल्यावर कळलं, आन् पुणे ते बीड चक्कर म्हणजे दोन दिवस आन् एसटीचं भाडं. म्हणून मराठी करा मराठी करा म्हणू नका, चार ओळीत अर्थ सांगा, शब्द इंग्रजीच राहू द्या.

लातूरचा_मास्तर
क्रेडिटचं पण तसंच. पहिल्या तासाला मी विचारतो क्रेडिट म्हणजे काय, तर निम्मा वर्ग मार्क म्हणतो, एकजण म्हणला सर उधारी, किराणा दुकानातली. त्याच्यावर सगळे हसले पण मला तो जास्त जवळ वाटला, निदान हिशोब हाय त्यात. एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला 15 तास शिकवणं, प्रॅक्टिकल असंल तर 30 तास. चार क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे 60 तास. हे एकदा कळलं की पोरगं बरोबर विचारतं, सर साठ तास कुठं झाले? (म्हणून पण काही जण समजावून सांगत नसतील, आपला एक संशय.)

जुना_हेडक्लार्क
मास्तर, आमच्यावरच घसरा. जुलैमधी एका टेबलाला दोन-दोनशे पोरं, सर्व्हर बंद, वरून प्रत्येकाला एलिजिबिलिटी आन् एबीसी आयडीचा अर्थ सांगत बसू? एटीकेटी शब्दाचा फुलफॉर्म कुणी शिकवला होता का कधी? अलाउड टू कीप टर्म्स. नापास असून पुढच्या वर्गात बसता येतं एवढं सगळ्या मराठवाड्याला न शिकवता पाठ हाय. गरज पडली की कळतं.

पाटोद्याची_पोर
एटीकेटी कळतं कारण ती गल्लीत दर दुसऱ्या घरात हाय 😄 एबीसी आयडी कुणाच्या घरात हाय? क्रेडिट जमा व्हायचं खातं हाय ते, बँकेच्या खात्यासारखं, हे मला पण यंदाच कळलं. आन् ती "एक्झिट"? पहिल्या वर्षानंतर 40 क्रेडिट झाले, वर चार क्रेडिटचा कामाचा कोर्स केला की सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. कागदावर छान हाय. पण आमच्याकडं पोरीच्या बापाला हे कळलं तर तो म्हणणार सर्टिफिकेट आलं ना, बास झालं, पाहुणे बघू. तिला कुणी सांगणार का की ती तीन वर्षाच्या आत परत येऊ शकते?

लातूरचा_मास्तर
इथं मी उलटं म्हणीन. आधी पहिलं वर्ष पास होऊन ज्या पोरी बसल्या घरी, त्यांच्या हातात काय होतं? मार्कमेमो. आता निदान नाव असलेला कागद हाय आन् परत यायचं दार हाय. सात वर्षांत डिग्री पूर्ण करायची मुदत असते. लग्न लावायचं ते एक्झिट नसतानाही लावतच होते की.

पाटोद्याची_पोर
लावत होते, पण "शिक्षण अर्धवट राहिलं" म्हणायचे. आता "पूर्ण झालं" म्हणतील. तेवढाच फरक हाय सर, पण तो मला लई मोठा वाटतो.

गोदाकाठ
ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही, खरंच. भाचीला तीन वर्षं आन् सात वर्षं दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावतो. सोमवारी तिच्यासोबत ऑफिसात जायलोय, न कळता टाकलेला मायनर तरी बदलता येतो का विचारायला. काका, खिडकीत काय म्हणून विचारू?

जुना_हेडक्लार्क
"विषय बदलायचा अर्ज कुणाकडं द्यायचा आन् शेवटची तारीख काय" एवढंच विचारा. चुकलं, रडली, ते सांगू नका. फीची पावती, ॲडमिशन फॉर्मची झेरॉक्स दोन प्रती न्या, अर्जाच्या एका प्रतीवर पोच घ्या. आन् अकराच्या आत जा, नंतर लाइन लागते.