हिमालयन ४५० की जुनी ४११? मतं इतकी टोकाची का?

घाटमाथा_पुणे (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रॉयल एनफिल्डची नवी हिमालयन ४५० घ्यावी की चांगल्या अवस्थेतली सेकंडहँड ४११ शोधावी, यावर अडकलोय. ज्याला विचारावं तो एका टोकाचं मत देतो. एक गट म्हणतो, आता कुठे ही खरी ॲडव्हेंचर गाडी झाली. दुसरा म्हणतो, हिमालयनचा जीवच काढून घेतला, खालच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्या असताना) ओढ राहिली नाही आणि रस्त्यात बिघडली तर हात लावता येत नाही.

वापर असा: पुण्याहून ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी करत कोकण, बहुतेक वेळा मागे माणूस आणि सॅडलबॅग. पुढच्या उन्हाळ्यात लडाख. रोज ऑफिसला न्यायची नाही. उंची ५ फूट ५ इंच. "दोन्ही चांगल्या आहेत" हे उत्तर नको. नेमकं काय बदललं आणि त्याचा या वापरावर काय परिणाम होईल ते सांगा.

---

पानापक्कड

वादाचं मूळ इंजिनात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

४११ चं इंजिन ७८ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ८६ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची धाव). म्हणजे लाँग स्ट्रोक, एअर-ऑइल कूल्ड, कॉम्प्रेशन ९.५ च्या आसपास. साधारण २४ बीएचपी ताकद, आणि ३२ न्यूटन मीटर टॉर्क (ओढ), तोही ४००० ते ४५०० आरपीएमलाच. ४५० चं शेर्पा इंजिन ४५२ सीसी, बोअर ८४ आणि स्ट्रोक ८१.५, म्हणजे नेमकं उलटं. लिक्विड कूल्ड, डबल ओव्हरहेड कॅम, कॉम्प्रेशन ११.५. ४० पीएस ८००० ला, ४० न्यूटन मीटर ५५०० ला. पाचाऐवजी सहा गिअर.

४११ वर दुसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमला थ्रॉटल दिला तरी ती धुगधुगत का होईना, चढ चढायची. ती सवय घेऊन ४५० वर बसलात तर २५०० च्या खाली गाडी हिसके देणार, चेन खडखडणार आणि अवघड वळणावर बंदही पडेल. इंजिनात दोष आहे म्हणून हे होत नाही. स्ट्रोक आखूड आणि कॉम्प्रेशन जास्त असलं की खालच्या फेऱ्यांना प्रत्येक स्फोटाचा धक्का वेगळा जाणवतो. ३००० ओलांडले की ९० टक्के टॉर्क हातात येतो असं कंपनी सांगते, आणि चालवताना ते पटतंही. म्हणून वळणावर एक गिअर खाली घ्या आणि ३००० ते ५५०० या पट्ट्यात राहा. स्लिप-असिस्ट क्लच हलका आहे, हाफ क्लच वापरताना हात भरून येत नाही.

काहीजण पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करतात. त्याने गिअरिंग साधारण ७ टक्क्यांनी आखूड होतं आणि हळू चालीत फरक कळतो. पण हायवेला इंजिन तेवढंच जास्त फिरतं, चेन लहान वर्तुळात वळत असल्यामुळे लवकर झिजते आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. आधी गिअर टाकण्याची सवय बदलून बघा. बहुतेकांना स्प्रॉकेटची गरज उरत नाही.

लडाखच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे. खारदुंगलासारख्या ५३०० मीटरच्या वरच्या खिंडीत हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडीच जास्त असते. फ्युएल इंजेक्शन मिश्रण सुधारतं, पण नसलेली हवा ते आणणार कुठून? ढोबळमानाने २४ चे १३-१४ होतात आणि ४० चे २२-२३. मागे माणूस आणि सामान असताना हा फरक दर चढावर जाणवतो. याच एका कारणासाठी तुमच्या वापराला मी ४५० सुचवेन.

---

सह्यकडा

पानापक्कड यांचा इंजिनाचा मुद्दा मान्य, पण उंचीचं कोणीच बोललं नाही.

४११ ची सीट ८०० मिमी. ४५० ची खालच्या खाचेत ८२५, वरच्या खाचेत ८४५. कंपनीचीच बुटकी सीट घेतली तर ८०५. तुमच्या उंचीला ८२५ वर दोन्ही पायांचे चवडे टेकतील, टाचा नाही. सपाट रस्त्यावर चालून जातं. खरी अडचण उतारावर, मागे माणूस बसताना आणि चिखलात यू-टर्न घेताना येते. बुटकी सीट गाडीसोबतच घ्या. सॅडलबॅग असल्या तर मागच्या माणसाने आधी डाव्या फूटरेस्टवर उभं राहून मग पाय पलीकडे टाकायचा. त्या वेळी चालवणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर आणि पुढचा ब्रेक दाबलेला हवा. एवढी शिस्त ठेवली तर गाडी कलत नाही.

वजनात मात्र गैरसमज आहे. ४५० इंधनासह १९६ किलो, बीएस-६ वाली ४११ १९९ किलो. आणि ४५० ची टाकी १७ लिटर, ४११ ची १५. म्हणजे दोन लिटर जास्त घेऊनही नवी हलकी. जड वाटते ती वजन थोडं वर असल्यामुळे आणि पाय कमी पोचत असल्यामुळे.

लोअरिंग लिंक लावून गाडी खाली बसवायचा सल्ला काही गॅरेजवाले देतात. लावू नका. २३० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स जातो, साइड स्टँड लांब पडून गाडी स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेही पडते. पुढची बाजूही फोर्कमधून (पुढच्या चाकाचे दांडे) त्याच प्रमाणात खाली घेतली नाही तर हँडल जड होतं, ते वेगळंच.

त्याऐवजी मागच्या शॉकअपचं सॅग, म्हणजे वजनाने तो किती दबतो, ते मोजा. गाडी उचलून मागचं चाक हवेत लटकवा आणि ॲक्सलपासून बरोबर वर टेलवरच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत मिमीमध्ये माप घ्या. मग राइडिंगच्या पूर्ण पोशाखात नेहमीच्या जागी बसा आणि दुसऱ्याला तेच माप घ्यायला सांगा. फरक प्रवासाच्या ३० टक्क्यांच्या आसपास हवा. मागचा प्रवास २०० मिमी, म्हणजे साधारण ६० मिमी. फरक ७५-८० आला तर प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवा, ४५ च्या खाली असेल तर कमी करा. मागे माणूस आणि सामान असेल तर माप त्यांच्यासकट घ्यायचं. हे न करता "मागचं सस्पेन्शन बसतं" अशी तक्रार करणारे खूप दिसतात. पुढच्या शोवा फोर्कला ॲडजस्टमेंट नाही, तिथे काही करता येत नाही.

---

चारशेअकरा

जुन्या गाडीची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

४० पीएस कुठे वापरणार? पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवरही बंदी. चौपदरी महामार्गावर दुचाकीची मर्यादा ८०. कोकणात उतरलात की ४० ते ६०. या वेगात ४११ कुठेही कमी पडत नाही, आणि खालच्या आरपीएमचा तिचा सोशिकपणा जांभ्याच्या चिखलात सोन्यासारखा आहे. तिथे चाक फिरून घसरण्यापेक्षा इंजिनाने हळू ओढत राहणं महत्त्वाचं.

दुसरं म्हणजे दुरुस्ती. ४११ चे टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) स्क्रूने जुळतात. फीलर गेज आणि दोन पाने असलेला कुठल्याही तालुक्याचा मिस्त्री ते काम करतो. ४५० ला शिम (धातूच्या पातळ चकत्या) लागतात: आधी गॅप मोजायचा, हव्या त्या जाडीची शिम मागवायची, कॅमशाफ्टशी खेळायचं. ते काम सर्व्हिस सेंटरचंच. थ्रॉटल राइड-बाय-वायर (इलेक्ट्रॉनिक), म्हणजे तुटली म्हणून बदलायला केबलच नाही. फोर्क उलटे असल्यामुळे चकचकीत नळी चाकाजवळ आली, रबरी बूटही गेले. चिखल सुकून सीलमध्ये गेला की तेल गळतं आणि ते थेट डिस्कवर, कॅलिपरवर येतं. ४११ ला बूट होते आणि नळी वर होती.

रेडिएटरही वाढला. पावसाळ्यात पुढच्या चाकाने उडवलेला चिखल जाळीत भरतो, हवा जात नाही, पंखा सतत फिरत राहतो आणि घाटात पायाला ऊब लागते. धुताना प्रेशर पंपाचा झोत जवळून मारला तर पात्या वाकतात. साध्या नळाच्या पाण्याने, शक्य असेल तर आतून बाहेर धुवा. कूलंट कमी झालं तर तयार मिश्रणच घाला, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको. त्यातल्या क्षारांनी आतल्या वाटा बुजतात.

सेकंडहँड बघताना या क्रमाने जा. २०१६ ची पहिली बीएस-३ गाडी कार्ब्युरेटरची, २०१७ पासून इंजेक्शन, २०२० च्या बीएस-६ पासून मागचा एबीएस बंद करता येतो. २०२० नंतरचीच घ्या. एप्रिल २०२३ नंतरची मिळाली तर ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोल) ची चिंता मिटली. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. मध्यभागी खटकन अडकलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. मग स्विंगआर्म आडवा हलवून बघा आणि मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागे ओढून बघा. अर्धा दात उघडा पडला तर पूर्ण चेन-स्प्रॉकेट किट मोजून किंमत पाडा.

---

पानापक्कड

@चारशेअकरा, टॅपेट आणि फोर्क सीलचं शंभर टक्के बरोबर. पण ८० च्या मर्यादेचा मुद्दा अर्धाच आहे. घाटाच्या चढावर मागे माणूस असताना ट्रक ओलांडायला ५० वरून ७५ वर किती लवकर जाता, ते महत्त्वाचं. ४११ ला तिथे गिअर पाडून वाट बघावी लागते, तेवढा वेळ तुम्ही समोरून येणाऱ्यांच्या किंवा मागच्या गाडीच्या भरवशावर असता. ताकद वेगापेक्षा तिथे कामी येते.

सीलसाठी उपाय: प्रवासाहून आल्यावर ओल्या फडक्याने नळी पुसा. गळती सुरू झालीच तर लगेच सील बदलू नका. डस्ट सील खाली सरकवून, एक्स-रे फिल्मची कडा गुळगुळीत केलेली पातळ पट्टी सीलच्या ओठाखालून गोल फिरवा. अडकलेला कण निघाला तर गळती थांबते. डिस्कवर तेल आलेलं असेल तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा आणि पॅड तपासा. तेल प्यायलेले पॅड साफ होत नाहीत, बदलावेच लागतात.

---

घाटमाथा_पुणे

खूप नेमकं मिळालं. ४५० कडे कल झालाय. दोन शंका राहिल्या: ट्यूबचं काय, आणि मागचा लाइट नसल्याबद्दल इतकी ओरड का?

---

सह्यकडा

लाइटची ओरड योग्य आहे. ४५० ला मध्यभागी वेगळा टेल लॅम्प नाही, ब्रेकचा आणि मागचा लाल दिवा इंडिकेटरमध्येच आहे. मोकळ्या गाडीवर तो नीट दिसतो. सॅडलबॅग मागे सरकलेली असेल किंवा पावसाचं कव्हर फडफडत असेल तर एकाच वेळी इंडिकेटर, ब्रेक आणि टेल तिन्ही झाकले जातात. पावसातल्या घाटात ते जिवावर बेतेल. बॅग बांधल्यावर एकाला ब्रेक दाबायला सांगून १५-२० पावलं मागून दोन्ही बाजूंनी बघा. झाकला जात असेल तर बॅगेचे पट्टे पुढे ओढा, नाहीतर कॅरिअरखाली जास्तीचा ब्रेक लाइट योग्य कपलरने लावून घ्या. वायर सोलून जोडू नका.

ट्यूबचं: नोव्हेंबर २०२३ मध्ये गाडी आली तेव्हा फक्त ट्यूबवाली स्पोक चाकं होती. २०२४ मध्ये ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय आला. घेणार असाल तर तेच घ्या, पैसे वाढले तरी. खिळा लागला तर चाक न काढता प्लग आणि छोटा पंप पुरतो. ट्यूबवाल्यात मागचा १४०/८०-१७ टायर रस्त्याकडेला रिमवरून उतरवणं हे दोन माणसांचं काम आहे.

ट्यूबच ठेवली तर तीन टायर लिव्हर, पंप आणि एक २१ इंची ट्यूब न्या. आणीबाणीत तीच मागच्या १७ इंची चाकात घडी पडू न देता बसवून हळू पुढच्या गावापर्यंत जाता येतं. उलटं जमत नाही. मागच्या ॲक्सलचा पाना सोबत आहे ना आणि नट त्याच पान्याने सुटतो ना, हे घरीच बघा. गॅरेजमध्ये एअर गनने घट्ट केलेला नट छोट्या पान्याने सुटत नाही. खडीवर हवा थोडी कमी करता येते, पण ट्यूब असताना २० पीएसआयच्या खाली जाऊ नका. टायर रिमवर सरकला की व्हॉल्व्हचं मूळ फाटतं आणि ते पॅचने जुळत नाही.

---

लेह_मनाली

लडाखसाठी दोन गोष्टी. गोल ट्रिपर डॅशवरचा गूगल मॅप फोनच्या डेटावर चालतो, आणि बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत. पोस्टपेड घ्या. लेहच्या पुढे रेंज तशीही तुटते, तेव्हा ऑफलाइन नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. मॅप चालू असताना फोन तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून हँडलजवळच्या सी-टाइप पोर्टला केबल लावूनच निघा.

खडीच्या लांब उतारावर मागचा एबीएस बंद असलेला मोड घ्या. चालू असेल तर सैल खडीत मागचा ब्रेक सारखा सुटतो आणि गाडी थांबता थांबत नाही. पुढचा एबीएस चालूच राहतो. चहाला थांबून परत निघताना मोड कुठला आहे ते डॅशवर बघून मगच गिअर टाका. पुढे ओला डांबरी रस्ता लागला की मागचा परत चालू.

---

पानापक्कड

टेस्ट राइड शोरूमच्या समोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. मागे बसणाऱ्या माणसाला सोबत न्या आणि चढ असलेला रस्ता मागा. चढावर थांबून दोघं बसलेले असताना गाडी सोडा. मग दुसऱ्या गिअरमध्ये मुद्दाम २२०० आरपीएमला थ्रॉटल देऊन हिसका बघा, आणि तोच चढ पहिल्या गिअरमध्ये ३५०० ला करा. इको आणि परफॉर्मन्स दोन्ही मोडमध्ये. शेवटी इंजिन तापलेलं असताना दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा, म्हणजे पंख्याची गरम हवा कुठल्या पायावर येते ते कळेल. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर एखादी ४११ चालवायला मिळाली तर तीही चालवा, आणि मागच्या माणसाला आधी विचारा.