अनुभव धागा : तुम्ही मराठी कशावर टंकता?

खालची_रांग (धागाकर्ता)

एका दिवाळी अंकाचं आवाहन वाचलं. शेवटची ओळ अशी : "मजकूर युनिकोडमध्ये हवा, कळफलक कोणताही चालेल." (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच क्रमांक देणारी जगभरची पद्धत.) वाचून हसू आलं, कारण 'कोणताही चालेल' हे वाक्य कळफलकाच्या बाबतीत मी पहिल्यांदाच ऐकत होतो. लिनक्स की विंडोज, आयफोन की अँड्रॉइड ही भांडणं जगभर चालतात. आपलं घरचं भांडण इनस्क्रिप्ट (सरकारने ठरवलेली मांडणी), रेमिंग्टन (जुन्या टंकलेखन यंत्राची मांडणी) आणि रोमनमधून मराठी (इंग्रजी अक्षरं दाबली की देवनागरी उमटते) या तिघांचं. प्रत्येक गटाच्या मते बाकीचे दोन एकतर आळशी नाहीतर आढ्यताखोर.

तर या धाग्यावर लिहा : काय वापरता, ते कसं गळ्यात पडलं, त्यापायी काय सोडावं लागलं. 'सर्वांत उत्तम कोणतं' यात मला रस नाही. माझा संशय असा आहे की हे कोणी निवडतच नाही. पहिली नोकरी किंवा पहिला कॉम्प्युटर आपल्या वतीने निवडून मोकळा होतो, आणि तात्त्विक कारणं आपण मागाहून गोळा करतो. खोटं असेल तर दाखवून द्या.

मी इनस्क्रिप्टवाला. आमच्या कार्यालयात प्रशिक्षण निघालं, दोन दिवस टेबलावरचं काम टळत होतं, म्हणून गेलो. तात्त्विक कारणं अर्थातच आता माझ्याकडे भरपूर आहेत. ही मांडणी १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली, १९९१ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संगणकी मानकातही तीच राहिली. मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. क ला शिफ्ट दिली की ख, त ला दिली की थ, ल ला दिली की ळ. पाय मोडायची कळ डाव्या मधल्या बोटाखाली, त्यामुळे जोडाक्षरं पटापट होतात. सुरुवातीचे आठवडे मात्र माणूस रडकुंडीला येतो, आणि तेवढ्यातच बहुतेक जण सोडून देतात.

मोडका_काना, सातारा

नमस्कार. मी न्यायालयात टंकलेखक होतो, आता निवृत्त आहे. माझा हात रेमिंग्टनचा. मराठी ३० आणि ४० या दोन्ही परीक्षा यंत्रावर दिल्या.

ज्यांनी यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. यंत्राला अक्षर कळत नाही, आकार कळतो. भ, ध, ष अर्धे छापायचे आणि पुढे काना दिला की पूर्ण होतात. ऱ्हस्व वेलांटी आधी द्यायची, मग अक्षर, कारण कागदावर ती डावीकडे असते. काही कळा मृत असतात, म्हणजे ठसा उमटतो पण गाडा सरकत नाही. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यातही रेमिंग्टनची मांडणी मिळाली, म्हणून माझ्यासारख्यांची नोकरी सुखरूप राहिली.

पुढे एका तरुण अधिकाऱ्यांनी मला समजावलं, की इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराचा क्रम आहे, आधी क आणि मग वेलांटी, म्हणून ते शास्त्रीय. असेल. पण साक्षीदार भराभर बोलत असतो, वकील मध्येच हरकत घेतात, साहेब "हे घ्या, ते गाळा" म्हणत असतात. अशा वेळी वेलांटी आधी की नंतर हे बोटांना माहीत असावं लागतं. माझ्या बोटांना ते आधी असं माहीत आहे. साठीनंतर ते उलटं शिकवायची माझी इच्छा नाही. धागाकर्त्यांचा संशय बरोबर आहे, मी काहीही निवडलेलं नाही. टायपिंग इन्स्टिट्यूट घराच्या कोपऱ्यावर होती.

बटरपेपर, पुणे

काकांशी सहमत. अप्पा बळवंत चौकाच्या मागे आमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायचं, दुकान आहे. इथे कुणाचं तत्त्वज्ञान चालत नाही, छापखान्याची वेळ चालते. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

नव्वदच्या दशकात मराठी टंकायला आमच्याकडे दोनच पॅकेजं होती. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, नाहीतर सी-डॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम. पान लावायला पेजमेकर. त्या काळचा मराठी फाँट म्हणजे २५६ खणांत अक्षरांचे तुकडे बसवलेले : अर्धा क, काना, रफार, वेगवेगळ्या उंचीचे उकार. कॉम्प्युटरच्या लेखी ती निव्वळ इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, मराठी फक्त डोळ्याला दिसायची. प्रत्येक कंपनीने तुकडे वेगळ्या खणांत ठेवले, त्यामुळे एका फाँटमध्ये बसवलेला मजकूर दुसऱ्यात टाकला की कचरा. पॅकेजला कुलूप म्हणून प्रिंटरच्या पोर्टला डोंगल, म्हणजे एक छोटं यंत्र, लावायचं. ते आम्ही रात्री तिजोरीत ठेवत असू, रोकड ड्रॉवरमध्ये.

लोक विचारतात, युनिकोड आल्यावर लगेच का बदललं नाहीत? युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, कबूल. पण पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत आलंच नाही. आणि दुकानात शेकडो पुस्तकांच्या फायली जुन्या फाँटमध्ये. दुसरी आवृत्ती निघाली की प्रकाशक म्हणणार, तेच पान काढा, चार ओळी बदला. त्या चार ओळींसाठी अख्खं पुस्तक नव्याने लावायचे पैसे कोण देणार?

मग जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कनव्हर्टर आले. बरेचसे चांगले आहेत, पण प्रत्येकाच्या खोडी ठरलेल्या. सह्याद्रीतल्या भटकंतीच्या एका पुस्तकात दऱ्याखोऱ्या जिथे जिथे होत्या, तिथे तिथे 'दर्याखोर्‌या' झाल्या. मुद्रितशोधक बाईंनी लाल पेनाने समासात लिहिलं, "आपण समुद्रावर आहोत का?" सगळा घोळ त्या आडव्या र चा, म्हणजे 'दऱ्या'तल्या ऱ्य मधल्या र चा. त्याच्याबद्दल कोणी जाणकार लिहीलच.

आणखी एक दुखणं ल आणि श यांचं. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल फाँट र. कृ. जोशींसारख्या मोठ्या अक्षरकाराने केलेला, पण त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे. मराठीला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा, हे राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात चित्रांसकट सांगितलं. आमच्या जुन्या ग्राहकांना ते आधीच माहीत होतं. हिंदी ल दिसला की ते प्रूफ परत पाठवायचे. आता बऱ्याच नव्या फाँटमध्ये दोन्ही आकार असतात, फक्त मजकुराची भाषा 'मराठी' निवडावी लागते. ती न निवडताच फाँटला शिव्या देणारे रोज भेटतात. इनडिझाइन या पान लावायच्या प्रोग्रॅममध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (जोडाक्षरं नीट लावणारी सोय) लावायचा विसरणारे वेगळे.

मी स्वतः रेमिंग्टनवर टंकतो. मुलगा फोनवर रोमनमधून लिहितो. दुकानाचा हिशोब दोघेही इंग्रजीत ठेवतो, ते जाऊ द्या.

पायमोडकं, न्यू जर्सी

मी आढ्यताखोर नाही, आळशी गटातली. रोमनमधून मराठी, सुरुवातीला बरहा या प्रोग्रॅमवर. मुळात कन्नडसाठी निघालेलं ते, पण परदेशातल्या किती मराठी माणसांनी पहिलं देवनागरी वाक्य त्यात लिहिलं असेल! त्या आधी विंडोज एक्सपीमध्ये मराठी नीट दिसावी म्हणून भाषांच्या सेटिंगमध्ये एक खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. सीडी कुणाकडेच नसायची. असली तर ती 'मित्राने दिलेली'.

ऑफिसच्या लॅपटॉपवर काही बसवायची मुभा नाही. त्यामुळे कळफलक कुठला यावर माझं मत काय, हा प्रश्नच येत नाही. ब्राउझरच्या चौकटीत जे चालेल ते माझं. म्हणून 'रोमनवाले मराठीचा घात करतात' असं कोणी म्हटलं की मला त्यांना आमच्या आयटी विभागाकडे पाठवावंसं वाटतं.

तोटा आहे, तो मान्य. प्रत्येक साधनाचे नियम निराळे. आयट्रान्स या रोमनमधून टंकायच्या पद्धतीत ज्ञ हा डी-एन-वाय नेही येतो आणि मोठा जी व वाय यांनीही. दुसरीकडे जाल तर त्याच कळांना भलतंच काहीतरी उमटतं. श, ष साठी मोठा एस की एस-एच, हे मी आजही एकदा टंकून बघते आणि मग ठरवते.

टर्मिनलवाला

'कोणी जाणकार' म्हणून मीच पुढे होतो.

आडव्या र ला युनिकोडमध्ये दोन वाटा आहेत. एक, साधा र, पाय मोडायचा, पुढे न दिसणारा जोडक (अक्षरं जोडायची खूण). दुसरी, नुक्तावाला ऱ आणि पाय मोडायचा. इनस्क्रिप्टमध्ये तो ऱ र च्याच कळीवर शिफ्टला आहे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण शोधायला गेलात तर एका पद्धतीने लिहिलेला 'तऱ्हा' दुसऱ्या पद्धतीच्या 'तर्‍हा'ला ओळखत नाही. त्यात काही कनव्हर्टर आणि काही वेबपानं तो न दिसणारा जोडक 'फालतू अक्षर' समजून गाळतात. बटरपेपर यांच्या दऱ्या अशाच समुद्रात गेल्या असणार. मी स्वतःसाठी एक छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे, ती सगळे आडवे र दुसऱ्या पद्धतीत बदलते. ॲ चंही तसंच. त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये, युनिकोड ५.१ ला. त्या आधी लोक अ वर चंद्र चढवत आणि काही ठिकाणी मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उगवे. जुन्या मजकुरात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात.

मी लिनक्सवर आहे. टंकायला आयबस हा प्रोग्रॅम, त्यात एम१७एन या मांडण्यांच्या संचातली मराठी इनस्क्रिप्ट. त्याच यादीत आयट्रान्स आणि फोनेटिकही आहेत, म्हणजे सगळ्या गटांची सोय. लोहित फाँट रेड हॅट कंपनीने मुक्त केले, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येतील असे केले, तेव्हा आमच्या कॉलेजच्या गटात खरंच पेढे वाटले होते. आमच्या लोकांची सवय मात्र मला माहीत आहे. कोणी विचारतं, "ळ कुठे सापडेल?" उत्तर येतं, "आधी विंडोज काढून टाका." विचारणारा ळ शिवायच निघून जातो. डोंगलच्या काळात मुक्त सॉफ्टवेअरवाले आम्ही बरोबर बोलत होतो, तरीही दुकानं आमच्याकडे वळली नाहीत. दुकानदाराला शुक्रवारपर्यंत पान हवं होतं. आम्ही त्याला कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, इतिहास सांगत बसलो.

वेलांटी, नाशिक

इथे सगळे काका-मावश्या दिसताहेत, म्हणून आमच्या पिढीचं थोडक्यात लिहिते. आम्ही कळफलकावर भांडत नाही, कारण आमच्याकडे कळफलकच नाही. फोन आहे. मैत्रिणींशी रोमनमध्येच लिहिते, देवनागरी लिहिली की "काय गं, रागावलीस का?" असं विचारतात. ऑफिसचं काही असेल तर गूगलचा जीबोर्ड, आणि तो पुढचा शब्द सुचवतो तो निम्म्या वेळा घेते. माझं मराठी त्यामुळे जरा सरकारी होत चाललंय.

आजीला मात्र आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचं स्वरचक्र लावून दिलंय. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती मात्रांचं चक्र उघडतं, हव्या मात्रेकडे बोट सरकवायचं. तिला रोमन येत नाही, इनस्क्रिप्ट माहीत नाही, बाराखडी पाठ आहे. घरात सगळ्यांत शुद्ध मराठी मेसेज तिचे येतात आणि चुकलेल्या वेलांटीसाठी ती आम्हाला गटावर जाहीर टोकते.

बेळगावकडची

खालची_रांग यांनी इनस्क्रिप्टचा खरा फायदा लिहिलाच नाही! मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना जवळपास सारखी आहे. मला नोकरीत कन्नड लागतं. मराठीच्या क वर कन्नडचा क, त वर त. भाषा बदलली तरी बोटं तिथेच. अर्थात इथल्या सरकारी कचेऱ्यांत नुडी हे कन्नडचं सॉफ्टवेअर चालतं, त्यामुळे माझ्या या हुशारीचं कौतुक फारसं कोणी करत नाही. गोव्याची वहिनी त्याच मांडणीवर कोंकणी लिहिते. हे मी विचार करून निवडलंय, तुमचा संशय माझ्यापुरता खोटा.

खालची_रांग

@बेळगावकडची, मान्य. एक मत माझ्याविरुद्ध नोंदवलं.

बांधावरून

मी टंकतच नाही, बोलतो. २०१७ मध्ये गूगलचं बोलून टंकणं मराठीत आलं तेव्हापासून. शेतात हाताला चिखल असतो. वारा नसेल तर बरोबर येतं. आमची बोली त्याला झेपत नाही, म्हणून त्याच्याशी मी पुस्तकी बोलतो, बायको हसते. स्वल्पविराम पूर्णविराम आपापले घालून वाचा हा प्रतिसाद पण बोलूनच दिला आहे नंतर मुलाने दुरुस्त केला हे शेवटचं वाक्य सोडून

ओली_शाई

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय. इथे जाणकार जमलेच आहेत तर एक अडचण विचारते. वडिलांनी वीसेक वर्षांपूर्वी आमच्या गावाच्या इतिहासाचं टिपण कुणाकडून तरी टाइप करून घेतलं होतं. सीडी सापडली, फाइल उघडते, पण सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. छापील प्रत नाही. काही होऊ शकेल का?

टर्मिनलवाला

होईल. आधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि मूळ फाइल नव्या प्रोग्रॅममध्ये 'सेव्ह' करू नका, फाँटचं नाव पुसलं जाऊ शकतं. मग मजकूर निवडून वरच्या पट्टीत फाँटचं नाव काय दिसतं ते इथे लिहा. श्री, डीव्ही, शिवाजी, कृतीदेव, जे असेल ते अंकांसकट. नाव कळलं की कनव्हर्टर कोणता ते सांगता येईल.

बटरपेपर, पुणे

नाव दिसत नसेल तर पहिल्या पानाचा फोटो टाका ताई. चिन्हं बघून बहुतेक फाँट मी ओळखतो. काना कुठल्या चिन्हाचा झालाय ते बघायचं, कारण मराठीत काना सारखा येतो, आणि तिथून सुरुवात करायची. बदलून झालं की आडवे र, रफार आणि उकार एकदा डोळ्याखालून घाला, गावांची आणि माणसांची नावं तर नक्कीच, ती वडिलांच्या ओळखीच्या कुणाकडून तपासून घ्या. पुण्यात असाल तर सीडी घेऊन या. सीडी वाचणारा कॉम्प्युटर आमच्याकडे अजून आहे. दुपारी एक ते चार सोडून कधीही.