३० नोव्हेंबरनंतर अनएम्प्लॉयमेंटचं (बेकारी भत्त्याचं) काय?

प्रेषक: मंजिरी
१० नोव्हेंबर २०१०

नमस्कार मंडळी,
वाढीव बेकारी भत्त्याची फेडरल (केंद्र सरकारची) मुदत ३० नोव्हेंबरला संपतेय. न्यू जर्सीत ज्यांचे भत्त्याचे ९९ आठवडे अजून पुरे व्हायचेत, त्यांचे पैसे त्याच दिवशी बंद होणार का? दिवाळीच्या कार्यक्रमात जो तो वेगळं सांगत होता. नेमकं माहीत असलेल्यांनी कृपया लिहावं.

प्रेषक: श्रीकांत

मंजिरीताई,
९९ हा आकडा आधी सगळ्यांच्या डोक्यातून काढायला हवा. ते एक सलग खातं नाही. राज्याचे २६ आठवडे, मग फेडरल ईयूसीचे (आणीबाणीच्या वाढीव भत्त्याचे) चार टियर म्हणजे टप्पे (२०, १४, १३ आणि ६ आठवडे), आणि शेवटी एक्स्टेंडेड बेनिफिट या वेगळ्या मुदतवाढीचे २०. मुदत वाढली नाही, तर ज्या टियरमध्ये आहात तेवढा पुरा होतो, तोही फार तर एप्रिल २०११ अखेरपर्यंत. पुढच्या टियरमध्ये जाता येत नाही. दुसऱ्या टियरचे ४ आठवडे उरले असतील तर ४च. जो अजून राज्याच्या २६ मध्ये आहे, त्याचं २६ वर संपलं. एक्स्टेंडेडवाल्यांना तर ही सवलतही नाही, ते मधेच तुटतं.

आजच आपल्या क्लेमवर (भत्त्याच्या अर्जावर) लॉगिन करून शिल्लक रक्कम पाहा आणि तिला आठवड्याच्या रकमेने भागा. येईल तेवढेच आठवडे आपले. राज्य आठवड्याच्या हिशोबाने चालतं, त्यामुळे खरी शेवटची तारीख ३० च्या काही दिवस अलीकडे पडते.

पैसे थांबले तरी सर्टिफाय करणं (त्या-त्या आठवड्यात बेकार असल्याचं राज्याला कळवणं) मात्र थांबवू नका! २ जूनला मुदत अशीच संपली होती. काँग्रेसने ती २२ जुलैला वाढवली, पण मागच्या तारखेपासून. मधले आठवडे सर्टिफाय केलेले असले की थकलेले पैसे मिळायला अडचण येत नाही.

पार्टटाइम काम मिळालं तर जरूर घ्या. आठवड्याच्या रकमेच्या १२० टक्क्यांतून तुमची कमाई वजा होते. बेनिफिट ५०० आणि कमाई २०० असेल, तर ६०० वजा २०० म्हणजे ४०० मिळतात. कमाई टॅक्स कापण्याआधीची लिहायची, आणि ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात. चेक आला त्या आठवड्यात नव्हे. लोक इथेच चुकतात आणि पुढे जास्त दिलेले पैसे परत मागणारं पत्र येतं.

प्रेषक: स्नेहल

श्रीकांतच्या मेलला जोडून थोडं.
एच-१बीवर (एकाच कंपनीशी बांधलेल्या कामाच्या व्हिसावर) हे सहसा मिळत नाही, कारण दुसरीकडे कुठेही काम करायला तुम्ही मोकळे नसता. पण जुलै २००७ च्या गर्दीत आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) भरून ईएडीवर (कुठेही काम करायच्या परवान्यावर) असलेली आपली बरीच मंडळी आहेत, त्यांना क्लेम करता येतो. ग्रीन कार्ड अडकेल या भीतीने काहीजण करत नाहीत, हे ऐकून फार वाईट वाटतं. हा विमा आहे, पब्लिक चार्जमध्ये (सरकारी मदतीवर अवलंबून असण्यात) धरत नाहीत.

घराचा हप्ता जड जात असेल तर बेनिफिट चालू असतानाच लोन सर्व्हिसरला (हप्ते घेणाऱ्या कंपनीला) फोन करा. हॅम्पमध्ये (घरकर्जाचा हप्ता कमी करण्याच्या सरकारी योजनेत) यंदापासून बेरोजगारांसाठी किमान ३ महिने हप्ता कमी किंवा स्थगित करण्याची सोय आहे, पण त्यासाठी बेनिफिट मिळत असल्याचा पुरावा लागतो. ते बंद झाल्यावर गेलात तर हा दरवाजा बंद.

टॅक्सचंही बघा. २००९ साली पहिले २,४०० डॉलर माफ होते, यंदा तसं नाही. डब्ल्यू-४व्ही फॉर्म भरून १० टक्के फेडरल टॅक्स आधीच कापून घ्या. न्यू जर्सीचा राज्य टॅक्स यावर नाही.

प्रेषक: मंजिरी

मधे सहा महिने कॉन्ट्रॅक्ट केलं असेल तर?

प्रेषक: श्रीकांत

तर क्लेमचं वर्ष संपल्यावर राज्य नवा क्लेम उघडायला लावतं, आणि कॉन्ट्रॅक्टचा पगार कमी असेल तर आठवड्याची रक्कम खाली येते. जुलैच्या कायद्याने यावर तोड काढली आहे: नवी रक्कम १०० डॉलरने किंवा २५ टक्क्यांनी कमी पडत असेल तर जुन्या क्लेमवरचं ईयूसी चालू ठेवण्याचा मार्ग राज्याला काढावा लागतो. नवा क्लेम भरताना हे स्पष्ट विचारा आणि दोन्ही रकमांची पत्रं जपून ठेवा.