घानाच्या ध्वजातील पट्ट्यांचा क्रम आणि काळा तारा

कापडगंज :
आमच्या महाविद्यालयात परदेशी विद्यार्थ्यांचे संमेलन होते आणि त्यासाठी ध्वज शिवून घेण्याचे काम माझ्याकडे आले होते. घानाच्या ध्वजासाठी रविवार पेठेतून लाल, पिवळे आणि हिरवे सॅटिन आणले, काळ्या कापडाचा तारा कापून घेतला आणि शिंप्याला सगळे तोंडीच सांगितले, ही चूक माझीच. ध्वज हाती आला तेव्हा हिरवा पट्टा वर आणि लाल खाली होता. उलटा टांगला की भागेल असे वाटले, पण उलटा केल्यावर पट्टे जागेवर आले आणि तारा मात्र शीर्षासनात गेला. घानाची एक विद्यार्थिनी शेजारी उभी होती, ती शांतपणे म्हणाली, "वर हिरवा असला की तो आमचा राहत नाही."

तेव्हापासून दोन प्रश्न डोक्यात आहेत. या क्रमाला काही अर्थ आहे का? आणि इथिओपिया, गिनी, माली, सेनेगल अशा इतक्या देशांनी हेच तीन रंग का घेतले असावेत?

निळी शाई :
तुमच्या शिंप्याने नकळत इथिओपियाचा क्रम शिवला. तिथे हिरवा वर, पिवळा मध्ये आणि लाल खाली असतो. १८९६ मध्ये अडवाच्या लढाईत इथिओपियाने इटलीच्या सैन्याचा पराभव केला आणि युरोपीय सत्तांनी आफ्रिका वाटून घेतली त्या काळातही आपले स्वातंत्र्य टिकवले, त्यामुळे पुढे वसाहतवादाशी झगडणाऱ्या आफ्रिकी पिढ्यांना त्या देशाचे रंग आपलेसे वाटणे स्वाभाविक होते.

६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्ट ही ब्रिटिश वसाहत घाना या नावाने स्वतंत्र झाली, तेव्हा हेच रंग उलट्या क्रमाने आले. त्याआधीचा वसाहतीचा ध्वज निळा होता. एका कोपऱ्यात युनियन जॅक आणि बिल्ल्यात ताडाच्या झाडापाशी उभा हत्ती. त्या हत्तीला निरोप देऊन जे आले ते थिओडोशिया ओको या चित्रकर्तीने रेखाटले होते. (या बाई पुढे घानातील हॉकीच्या आधारस्तंभ झाल्या आणि अक्रातील हॉकी मैदानाला त्यांचे नाव आहे, ध्वजाच्या चर्चेत हे कोणी फारसे सांगत नाही.) लाल रंग स्वातंत्र्यासाठी सांडलेल्या रक्ताचा, सोनेरी खनिज संपत्तीचा, हिरवा वनराईचा, आणि काळा तारा आफ्रिकेच्या मुक्तीचा, असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

गिनीने १९५८ मध्ये तेच रंग उभ्या पट्ट्यांत घेतले. मालीचा ध्वज गिनीच्या ध्वजाचे आरशातले प्रतिबिंब आहे, आणि सेनेगलने मालीच्याच मांडणीत मधल्या पट्ट्यावर हिरवा तारा बसवला.

टेकडीवरून :
वरील प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. "इथिओपियाकडून घेतले" एवढ्यावर थांबले तर ओको यांच्यावर अन्याय होतो, कारण त्यांनी स्वतः या रंगांचा संबंध घानाच्या भूमीशी, तिथल्या हिरवाईशी आणि खनिजांशी जोडला होता. रंग आधीपासून हवेत होते हे खरे. त्यांना अर्थ मात्र स्थानिक मिळाला. ताऱ्यामागे आणखी एक धागा आहे. जमैकात जन्मलेल्या आणि जगभरच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या एकजुटीसाठी झटणाऱ्या मार्कस गार्वी यांनी १९१९ मध्ये ब्लॅक स्टार लाइन ही जहाज कंपनी काढली होती, आणि गार्वींच्या विचारांनी भारावलेल्या क्वामे एन्क्रुमा या पहिल्या पंतप्रधानांच्या घानाने आपल्या जहाज कंपनीलाही तेच नाव दिले. घानाचा फुटबॉल संघ ब्लॅक स्टार्स म्हणवतो तो याच ताऱ्यामुळे. गार्वींच्या संघटनेचे रंग लाल, काळा आणि हिरवा हे होते. त्यांची आठवण करून द्यायला केनियाचा ध्वज आहे, तेव्हा या दोन परंपरांची सरमिसळ करू नये.

मला सर्वांत बोलका वाटतो तो १९६४ चा बदल. त्या वर्षी घाना एकपक्षीय राज्य झाले आणि मधला सोनेरी पट्टा पांढरा करण्यात आला, कारण एन्क्रुमांच्या पक्षाचे रंग लाल, पांढरा आणि हिरवा होते. १९६६ मध्ये लष्कराने त्यांची सत्ता उलथवल्यावर सोनेरी पट्टा परत आला. आपल्याकडे २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने चरख्याच्या जागी अशोकचक्र स्वीकारले आणि पक्षाचा ध्वज व राष्ट्राचा ध्वज यांत अंतर राखले. घानाने ती दोन वर्षे नेमकी उलट वाट धरली होती.

जुनी वही :
थोडे अवांतर, पण पुण्यात बसून हे न सांगणे मला जमणार नाही. मादाम कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत फडकवलेला ध्वज आपल्या केसरीवाड्यात जतन केलेला आहे. त्याचा वरचा पट्टा हिरवा आणि त्यावर आठ कमळे, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत "वंदे मातरम्", खालच्या लाल पट्ट्यावर सूर्य आणि चंद्रकोर. मधल्या रंगाला कोणी पिवळा म्हणते, कोणी केशरी. पिवळा धरला तर क्रम थेट इथिओपियाचा होतो! हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून कोणी नाते शोधू नये. पण मूळ प्रश्नकर्त्यांनी एकदा जाऊन पाहावे, पेठेतूनच पेठेत जायचे आहे.

कापडगंज :
सर्वांचे मनापासून आभार. ध्वज परत शिंप्याकडे नेला. पट्टे न उसवता दोन्ही बाजूंच्या ताऱ्यांची टीप तेवढी उसवून ते सरळ केले, म्हणजे आता वरचे टोक लाल पट्ट्याला आणि खालची दोन टोके हिरव्याला टेकतात. जुन्या टाक्यांची भोके सॅटिनवर अजून दिसतात. विद्यार्थिनीने जवळ येऊन पाहिले, भोकांवरून बोट फिरवले आणि ध्वज स्वतःच काठीला बांधला. केसरीवाड्यात येत्या रविवारी आम्ही दोघे जाणार आहोत.