मदत हवी आहे : टीव्हीला जोडलेला संगणक रिमोटने लगेच जागा व्हावा आणि वीजही वाचावी

नमस्कार. नाशिकला इंदिरानगरमधील आमच्या घरी टीव्हीला एचडीएमआय केबलने एक डेस्कटॉप संगणक जोडलेला असून त्यावर विंडोज १० आणि कोडी (चित्रपट-गाणी चालवणारे सॉफ्टवेअर) चालते. तो दिवसरात्र चालू ठेवल्यास कोणी काही पाहत नसतानाही प्लगला लावलेल्या मीटरवर ४२ वॅट दिसतात, म्हणजे महिन्याला सुमारे ३० युनिट. ‘स्लीप’मध्ये (काम मेमरीत ठेवून संगणक झोपतो ती अवस्था) हाच आकडा ३ वॅटपर्यंत उतरतो.

अडचण आईची आहे. गुडघ्यांमुळे तिला खाली वाकून बटण दाबणे जमत नाही, त्यामुळे संध्याकाळी देवापाशी दिवा लावून ती कीर्तन ऐकायला बसली की रिमोटचे एक बटण दाबताच पडदा उजळावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. यूएसबीच्या इन्फ्रारेड रिसीव्हरला डिव्हाइस मॅनेजरमध्ये संगणक जागा करण्याची परवानगी दिली आहे आणि बायोसमधील (संगणकाच्या मूळ सेटिंगमधील) ‘ईआरपी’ हा वीजबचतीचा पर्याय बंद केला आहे, कारण तो चालू असल्यास यूएसबीचा वीजपुरवठा तुटू शकतो. तरीही तासाभराच्या स्लीपनंतर नीट चालणारा रिमोट रात्र उलटली की निरुपयोगी ठरतो आणि रिसीव्हरचा लाल दिवाही विझलेला असतो.

काही तासांनी विंडोज स्वतःहून हायबरनेटमध्ये (काम डिस्कवर साठवून संगणक पूर्ण बंद होतो त्या अवस्थेत) जात असावे, असा माझा संशय आहे. ती वेळमर्यादा ‘कधीच नाही’ करून हायब्रिड स्लीप (स्लीपमध्ये जाताना काम डिस्कवरही साठवणारा पर्याय) चालू ठेवल्यास, पावसाळ्यात आमच्याकडे वारंवार वीज जाते तेव्हा काम सुरक्षित राहील का? आणि वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होऊन पुन्हा स्लीपमध्ये जावा, यासाठी बायोसमध्ये नेमके काय निवडावे? ज्यांनी अशी मांडणी घरी केली आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.