शब्दचर्चा : 'समाधान' की 'तृप्ती'?

शाहूपुरीकर : आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांच्या प्रार्थनासभेसाठी एक इंग्रजी पुस्तिका मराठीत करतोय. विषय, ख्रिस्तावरच्या विश्वासातून रोजच्या जगण्यात टिकून राहणारं कंटेंटमेंट. सगळीकडे 'समाधान' लिहिलं. मजकूर तपासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "वाढीव बिल दुरुस्त करून दिलं की गिऱ्हाइकाचं समाधान हुतंय. ह्ये त्याहून मोठं हाय. तृप्ती घाल." दुसऱ्यांचं म्हणणं, तृप्ती जेवणानंतरची. काय ठेवू? छपाई अडलीय.

मोडीवाला : सम् + आ + धा, म्हणजे नीट एका जागी ठेवणं. शंकासमाधान त्यातूनच आलं. हिंदीत आता बहुतेक 'समस्या का समाधान' एवढंच ऐकू येतं, मराठीनं मनाचा अर्थ जपला. मावशींचा कान हिंदी बातम्यांनी बिघडलाय. आणि बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात 'चित्तसमाधान' स्पष्ट आहे. विषय संपला.

घाटावरचा : संपला कसा? त्याच अध्यायात दोन ओळी खाली अन्नवस्त्राच्या संदर्भात 'तृप्त' आहे. मावशी बरोबरच.

जुनी बाराखडी : त्या दोन्ही जागी ग्रीकमध्ये धातू एकच आहे, 'आर्केओ', म्हणजे पुरेसं असणं. त्यातून 'ऑटार्केस' : ज्याला तो स्वतःच पुरतो, बाहेरचं काही लागत नाही. सुखदुःखात अविचल राहा म्हणणाऱ्या प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञांचा लाडका शब्द. प्रेषित पौलानं तो फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात (४:११) घेतला आणि दोनच ओळींत त्याची हवा काढली. तो कैदेत आहे, फिलिप्पैकरांनी पाठवलेल्या एपफ्रदीताच्या हाती मदत पोचलीय. आभार मानताना सांगतो की, ददात असो की रेलचेल, दोन्हींत राहायला शिकलोय. लगेच पुढे, हे बळ देणारा मी नव्हे, दुसरा आहे, ख्रिस्त. म्हणजे स्वतःला पुरणारा, पण स्वतःच्या जिवावर नाही! आणि 'शिकलो' म्हणतो. जन्मजात स्वभाव नव्हे, सवय लावून घ्यावी लागते. नामापेक्षा ते क्रियापद सांभाळा.

टाळकरी : 'ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान.' चित्तही इथलंच, समाधानही इथलंच. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मग तुम्हा लोकांना हा शब्द परका का वाटावा?

घाटावरचा : 'तुम्हा लोकांना' म्हणजे कुणाला? मी मिरजेच्या मिशन दवाखान्यात जन्मलो, तुकोबा आमच्याही घरात होते. अडचण तुकोबांची नाही, 'मानणे'ची आहे.

टाळकरी : बरं, 'आपल्याला' वाचा. 'मानणे'चं काय?

घाटावरचा : समाधान लाभतं, वाटतं, होतं, इथवर ठीक. पण 'तेवढ्यावर समाधान मानलं' म्हटलं की हवं ते मिळालं नाही, मिळालं ते घेऊन गप्प बसलो. सुनेला सासरी आणि कामगाराला एमआयडीसीत हेच ऐकवतात, समाधान मान. पुस्तिकेत एकदा जरी 'माना' आलं, तर बायका म्हणतील, हेही तेच सांगायला आले. अल्पसंतुष्टपणा हा काही पवित्र आत्म्याच्या फळांत नाही.

नदीकाठची : माझी आत्या शिरोळकडची. २०१९ च्या पुरात घर गेलं. तलाठ्याशी पंचनाम्यावरून तासभर भांडली, चार शेजारणींची नावं यादीत घालायला लावली, आणि त्याच संध्याकाळी छावणीत प्रार्थनेला उभी राहून म्हणाली, "प्रभू, पुरतंय." आम्ही बघतच राहिलो. तक्रार संपली म्हणून म्हणाली नव्हती, दुसऱ्या दिवशी परत गेली भांडायला. पण रात्री झोपली मात्र ढाराढूर. कंटेंटमेंटला माझ्याकडे तेवढाच शब्द आहे. पुरतंय.

जुनी बाराखडी : 'आर्केओ' अगदी हेच!

मोडीवाला : बोलायला छान. छापील धर्मग्रंथाच्या भाषेत 'पुरतंय' शोभत नाही. उद्या 'लई भारी' पण घालाल.

नदीकाठची : पुस्तिका आहे हो, धर्मग्रंथ नव्हे. आणि पंडिता रमाबाईंनी आख्खं बायबल साध्या बायकांना कळावं म्हणूनच नव्यानं मराठीत केलं, १९२४ साली छापून आलं. त्या शोभेला बसल्या असत्या तर झालंच होतं.

गुळव्या : कुणी 'निवांत' का म्हणत नाही? गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस थंड करायच्या वाफ्यात ओतला की हळूहळू निवतो. निवणे, निवांत.

मोडीवाला : ओढूनताणून आहे. निवांत हा 'निवात'वरून, वारा नसलेली जागा. तुमच्या गुऱ्हाळाचा संबंध नाही.

गुळव्या : गुऱ्हाळावर बसून बघा, मग संबंध कळेल.

शाहूपुरीकर : शीर्षकात 'पुरतंय' आणि आत 'समाधान', 'मानणे' कुठेच नाही, असं केलं तर?

टाळकरी : एक शंका. पंचगंगेला येतो तो पूर आणि हे पुरणं, एकच का?

मोडीवाला : दोन्ही भरण्याच्याच धातूचे. पुरवठा, पुरवणी, पूर्ण, सगळं त्याच घरातलं.

गुळव्या : पोळीतलं पुरण?

मोडीवाला : तेही. आत भरतात म्हणून.

गुळव्या : मग जमिनीत पुरतात ते?

मोडीवाला : त्यासाठी वेगळा धागा काढा.